ताप उतरल्यावर घेतलेलं रक्त

जनावरांच्या दवाखान्यात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्याला 'दुर्बीण' म्हणत. खरं तर त्याचं काम मायक्रोस्कोपशी, पण टोपणनावं ठेवणाऱ्यांकडून इतक्या बारकाईची अपेक्षा कोण करणार. एकतीस वर्षं तो त्याच खिडकीशी, त्याच उंच स्टुलावर बसून गाईम्हशींचं, कुत्र्यांचं, घोड्यांचं रक्त बघत आला होता. डॉक्टर आले, बदलून गेले, दोघं तर निवृत्त होऊन वारलेसुद्धा. स्टुलावरचा माणूस तोच राहिला. "दुर्बीण काही नाही म्हणतोय ना, मग काही नाही," असं सगळे म्हणायचे. वाईट एवढंच की हळूहळू तोही तसंच म्हणायला लागला होता.

त्याच्या खोलीत भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. अक्षर त्याचंच, ठसठशीत: 'रक्त तापात घ्या.' कारण काही परजीवी असे लबाड असतात की ताप चढला की रक्तात त्यांची झुंबड उडते आणि ताप उतरला की जनावर धडधाकट असल्यासारखं स्वच्छ रक्त दिसतं. घोड्यांचा सर्रा हा त्यातला सगळ्यात लबाड. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो हे तोंडपाठ करायला लावायचा. ताप नसताना रक्त घेऊन आलेल्या एका डॉक्टरांना त्यानं उभ्या दवाखान्यासमोर परत पाठवलं होतं, आणि ती गोष्ट तो अजून मीठमसाला लावून सांगत असे.

त्याची ताई त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई कायम अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्याला न्हाऊ घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. लग्नानंतर ती घोड्यांत गेली, म्हणजे मेहुण्यांचा घोडेस्वारी शिकवायचा तबेला होता, त्यात पडली, आणि मेहुणे गेल्यावर तो तिनंच चालवला. शहराच्या कडेला पत्र्याची लांब शेड, पुढे मातीचं गोल मैदान, फाटकाशी पाण्याचा हौद. सहा घोडे. ताई ठेंगणी, अंगानं बारीक, पण एखादा घोडा आडमुठेपणा करायला लागला की ती नुसती जवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवायची आणि तो शहाण्यासारखा उभा राहायचा. "हात बोलतो माझा," असं ती स्वतःच म्हणायची. तेवढाच काय तो तिला गर्व.

तिचा फोन आला तेव्हा दवाखान्यात नवा मायक्रोस्कोप येऊन पोचला होता. त्याच्यासाठी त्यानं चार वर्षं अर्ज केले होते. या मायक्रोस्कोपला पडदा होता. खाली काच ठेवली की रक्त समोर पडद्यावर दिसायचं, दहा माणसांना एकदम. सगळा दवाखाना खोलीत घुसला होता आणि तो नवरदेवासारखा मधोमध उभा होता.

"बाळ्या, शाई तापलीय," ताई म्हणाली. "कान नुसते भाजतायत. पोटाखाली सूज वाटतेय. आत्ता येतोस?"

शाई तिची काळी घोडी, तबेल्यातली सगळ्यात गरीब. नवशिक्या पोरांना पहिल्यांदा शाईवरच बसवायचे.

"आत्ता? अगं ताई, नवं यंत्र आलंय. पेटी उघडतायत. मोठे साहेब समोर उभे आहेत."

"मग?"

"उद्या सकाळी पहिलं काम तुझं."

"उद्यापर्यंत ताप राहील का पण?"

"नाही राहिला तर चांगलंच की!"

तो हसला, तिकडे ताईही हसली. पुढे त्याला या हसण्याची इतकी लाज वाटली की फोन वाजला तरी अंगावर काटा यायचा. पण तेव्हा तो हसला, फोन खिशात टाकला आणि साहेबांना पडदा कसा चालतो ते दाखवायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, शब्दाला जागला म्हणायचं. ताईनं शाईला इतर घोड्यांपासून बाजूला, वैरणीच्या खोलीत बांधलं होतं. खोलीला जाळीचं दार होतं आणि कोपऱ्यात पाल्याचा धूर केला होता.

"हे काय, तुरुंग?" त्यानं विचारलं.

"काय झालंय ते कळेपर्यंत राहू दे म्हटलं वेगळी. माश्याही फार झाल्यात यंदा."

त्यानं ताप बघितला. उतरला होता. शाईनं त्याच्या खांद्याला नाक घासलं. तो क्षणभर घुटमळला, नाही असं नाही. भिंतीवरचा कागद त्याच्याच अक्षरातला. पण परत जायचं, मग ताप येईल त्या दिवशी पुन्हा यायचं, आणि दवाखान्यात सगळे पडद्यासमोर खोळंबलेले. त्यानं कानाच्या टोकाला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेनं ओढून पसरवला आणि वाळवून डबीत ठेवला. हे काम त्याचा हात झोपेतही करू शकला असता.

रंग देऊन ती काच त्यानं नव्या यंत्राखाली ठेवली तेव्हा मागे सात-आठजण उभे होते. पडद्यावर तांबड्या पेशी उमटल्या, एकसारख्या, टपोऱ्या. कुणीतरी "वा!" म्हणालं. त्यानं इकडून तिकडे काच सरकवली, तीस-चाळीस ठिकाणं बघितली असतील. नियमानं दोनशे बघायची असतात, आणि पसरलेल्या थेंबाच्या शेपटीकडची कड तर मुद्दाम बघायची, कारण हे जंतू तिकडेच ढकलले जातात. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्या सकाळी तो रक्त बघतच नव्हता, यंत्र बघत होता.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला आणि वहीत लिहिलं: काही आढळलं नाही.

दवाखान्यात तेव्हा एक नवी डॉक्टरबाई होती, येऊन सहा महिने झालेली. तिनं वही चाळली आणि त्याच्या स्टुलाशी आली.

"काका, ताप नसताना घेतलंय हे. परत घेऊ या का? मी जाते हवं तर."

"डॉक्टरबाई," तो म्हणाला, "तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून रक्त बघतोय मी."

लोक हसले. ती ओशाळली, पण हट्टी होती. संध्याकाळी तिनं ताईलाच फोन केला. ताईनं तिला गोड शब्दांत वाटेला लावलं. "माझ्या भावानं स्वतः बघितलंय," ती म्हणाली, आणि हे नंतर तिनंच त्याला कौतुकानं सांगितलं. त्यालाही ते ऐकून बरं वाटलं होतं. मग त्यानं आणखी एक शहाणपणा केला.

"त्या बिचारीला आता ओळीत बांध बरं. एकटी झुरतेय ती. म्हणून खात नाहीये."

शाई खरंच दिवसभर जाळीपाशी उभी राहून इतर घोड्यांना हाका मारत होती. ताईनं तिला त्याच दिवशी ओळीत नेलं.

त्या वर्षी गोमाश्यांनी उच्छाद मांडला होता. साधी माशी बसते आणि उडते. गोमाशीचं तोंड म्हणजे चाकूच. ती कातडं कापते आणि वर आलेलं रक्त चाटते. घोड्याला झोंबतं, तो अंग थरथरवतो, शेपूट मारतो, पाय आपटतो. शाई दिवसेंदिवस मलूल होत गेली आणि तिच्यात शेपूट मारायचंही त्राण राहिलं नाही. म्हणून ताई रोज दुपारभर तिच्याजवळ उभी राहायची. हातात घोड्याच्या केसांची चवरी, आणि माशी बसली रे बसली की फटकारा. मोतद्दार, म्हणजे तबेल्यातला जुना नोकर, म्हणायचा, "बाई, मी करतो, तुम्ही बसा," तर ती म्हणायची, "तू जोरात मारतोस." शाईला दोन घटका चैन पडावी म्हणून बाई उन्हाच्या झळा खात तिष्ठत उभी राहायची. माश्या उडायच्या, शेजारच्या घोड्यावर बसायच्या.

तीन आठवड्यांनी शेजारची मैना तापली. या वेळी ताईनं कुणाला विचारलं नाही. मोतद्दारानं थेट डॉक्टरबाईंना आणलं. तिनं भर तापात ताजा थेंब घेतला आणि तसाच ओला दवाखान्यात आणून यंत्राखाली ठेवला. तो स्टुलावर होता, म्हणून त्यानंच भिंगाला डोळा लावून बघितलं. पडद्याकडे बघायची गरज पडली नाही. तांबड्या पेशी धक्के खात होत्या आणि त्यांच्या मधून बारीक, चपळ, वळवळते जीव रेटारेटी करत होते. एकेका जागी पाच-पाच, सहा-सहा. सर्रा.

"सगळ्यांचं रक्त घेऊ या," डॉक्टरबाई हळूच म्हणाली. "शाईचंही."

सहाच्या सहा घोड्यांना लागण झाली होती. औषध होतं, दिलंही, पण उशीर तो उशीर. शाईचे मागचे पाय लुळे पडत गेले. एका सकाळी ती बसली ती उठली नाही. मैना गेली. मग ओळीच्या वरच्या टोकाचे दोघं एकाच आठवड्यात गेले. पाचव्याला डॉक्टरबाईनं झोपवलं, कारण त्याचे हाल बघवत नव्हते. उरला तो हवालदार, फाटकाशी एकटा बांधला जायचा तो तांबडा, चावरा घोडा. येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेतल्यासारखं हुंगायचा म्हणून पोरांनीच त्याचं नाव ठेवलेलं. चावतो म्हणून ओळीपासून दूर, म्हणून त्याला लागण सगळ्यात शेवटी, म्हणून औषध वेळेवर. वाचला तो त्याच्या वाईट स्वभावामुळे वाचला.

पाचव्या घोड्याला पुरून सगळे शेडमध्ये परतले, तेव्हा ताईनं डॉक्टरबाईला विचारलं, "माश्या तर दर वर्षी असतात. मग हे असं पसरलं कसं? मला नीट सांगा."

डॉक्टरबाई प्रामाणिक होती. प्रामाणिक माणसं कधी कधी फार महागात पडतात. तिनं ओळीकडे बोट करून सांगितलं.

"काकू, गोमाशीचं पोट भरलं तर ती जाऊन गप बसते, तिच्यापासून तितकं भय नाही. अर्धवट खाऊन उडाली तर भुकेलीच असते. तोंडाला रक्त ओलं असतं आणि त्या रक्तात हे जंतू काही मिनिटं जिवंत राहतात. ती लगेच जवळच्या जनावराला चावते. झालं."

"अर्धवट खाऊन म्हणजे? मध्येच हाकलली तर?"

"हो, म्हणजे... घोडा शेपटीनं हाकलतो, किंवा..."

डॉक्टरबाईच्या तेव्हा लक्षात आलं आणि ती थांबली. पण ताईला पुढचं ऐकायची गरज नव्हती. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. मग दोन पावलं मागे सरून खांबाला टेकली.

"मी रोज तिथं उभी होते," ती म्हणाली. "रोज दुपारभर."

त्या क्षणी त्याला बोलता आलं असतं. सगळं सोपं होतं. 'ताई, माश्या दर वर्षीच हाकलतेस तू. यंदा आजारी घोडी ओळीत होती, आणि ती ओळीत माझ्यामुळे होती.' एवढंच. तोंडात आलेलं वाक्य त्यानं गिळलं. डॉक्टरबाई समोर होती, मोतद्दार होता, आणि एकतीस वर्षांचं नाव होतं. डॉक्टरबाईनं त्याच्याकडे एकदा बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं, पण त्या दिवशी भर खोलीत ओशाळलेली मुलगी पुन्हा तोंड उघडणार नव्हती.

"चल ताई, आत चल," तो म्हणाला. "उकडतंय इथं."

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात सगळ्यांच्या आधी गेला. जुन्या काचा वर्षभर डबीत ठेवायची पद्धत होती. शाईची काच त्यानं काढली, तेलाचा थेंब टाकला आणि या वेळी जुन्या मायक्रोस्कोपवर, एका डोळ्यानं, नियमानं बघायला बसला. एकेक जागा मोजत. ऐंशी झाल्या, शंभर झाल्या. त्याला आशा वाटायला लागली. काही नाही निघालं तर निदान डोळा तरी खरा ठरेल. एकशे छत्तिसाव्या जागेवर, शेपटीच्या कडेला, दोन होते. जांभळ्या रंगात रंगलेले, शेजारी शेजारी, इतके ठळक की कालच्या नवशिक्यालाही दिसले असते.

मग त्यानं काच उचलली आणि धुवायच्या काचांच्या तसराळ्यात टाकली. आम्लाच्या पाण्यात रंग सुटून वर आला. आधी झाली ती चूक होती. चुका होतात, माणूस आहे. पण हे त्यानं समजून उमजून केलं, आणि पुढं त्याला जास्त टोचत राहिलं ते हेच.

त्यानंतर आठ महिने गेले. तबेल्यात पोरं यायची थांबली. एका घोड्यावर शाळा चालत नाही. ताई पडवीत खुर्ची टाकून बसायची, उजवा हात पदराखाली. हवालदाराला खरारा करायचा मोतद्दारानं, पाणी दाखवायचं मोतद्दारानं, फिरवायचं मोतद्दारानं. ताई त्याच्या जवळ फिरकत नसे. तो फाटकाशी उभा राहून तिच्याकडे बघून फुरफुरायचा. सुरुवातीला रोज, मग कमी कमी होत थांबला.

दुर्बीण दर रविवारी जायचा. आधी महिन्यातून एकदा जायचा, आता दर रविवारी. यावरूनच ताईच्या काय ते लक्षात यायला हवं होतं. समोरासमोर बसून दोघं चहा प्यायचे. ती मध्येच विचारायची, "बाळ्या, किती माश्या हाकलल्या असतील रे मी?"

"झालं ते झालं, ताई."

"नाही, पण अंदाजे? दिवसाला शंभर?"

"आता कशाला उगाळत बसायचं?"

"तिला बरं वाटावं म्हणून उभी राहायचे मी. आणि तिचंच विष वाटत होते सगळ्यांना."

तो कप खाली ठेवायचा, बिस्किटाचा डबा पुढं सरकवायचा, नाहीतर पत्र्याला कुठं गंज चढलाय ते सांगायला लागायचा. तिला धीर देणारं एकच वाक्य जगात होतं आणि ते त्याच्याकडे होतं. घरी जाताना वाटेत तो स्वतःला शिव्या द्यायचा, पुढच्या रविवारी सांगायचंच असं ठरवायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गंज बघायचा. एकदा त्यानं नुसतं "ताई, ऐक" एवढं म्हटलं. ती "काय रे?" म्हणून इतक्या मायेनं वळली की त्यानं विचारलं, "गुडघा कसा आहे?"

नवव्या महिन्यातल्या एका रविवारी तो गेला तर मोतद्दार फाटकाशी हवालदाराचं सामान बांधत होता. खोगीर, लगाम, खरारा, सगळं एका ताडपत्रीत.

"हे कुठं चाललं?"

मोतद्दारानं वर न बघता सांगितलं, "उद्या गाडी येतेय, दादा. बाईंनी देऊन टाकला. पलीकडच्या गावात कुणी तरी आहे घोडेवाला. चांगला माणूस आहे म्हणतात." मग नाक ओढून म्हणाला, "मी सांगून थकलो. तुमचं ऐकतील तर बघा."

ताई पडवीतच होती.

"का देतेयस त्याला?"

"माझ्या हाताखाली जनावर नको," ती शांतपणे म्हणाली, जसं पावशेर डाळ नको म्हणावं तसं. "तोही मरायचा एखाद्या दिवशी माझ्या मायेनं."

तो उभाच राहिला. खुर्ची होती, पण बसला असता तर पुन्हा पत्र्याकडे बघितलं असतं, हे त्याला स्वतःचं ठाऊक होतं.

"ताई, तुझ्या हातानं काही झालं नाही."

"ते तू सांगतोसच."

"तसं नाही. ऐक. तू फोन केलास त्या दिवशी मी यायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी आलो, ताप उतरल्यावर. उतरलेल्या तापात रक्त घ्यायचं नसतं. मला माहीत होतं. घेतलं. आणि घेतलेलंही नीट बघितलं नाही. सगळ्यांना पडदा दाखवत होतो. काही नाही म्हणून तुला सांगितलं. तू शाईला वेगळी बांधली होतीस, बरोबर बांधली होतीस. ओळीत बांध म्हणून मी सांगितलं."

ताई हलली नाही. त्याला वाटलं, आता थांबलो तर उरलेलं पोटातच राहील.

"नंतर मी ती काच परत बघितली. होते तिच्यात, दोन. स्पष्ट होते. मग मी ती धुऊन टाकली. कुणाला दिसू नये म्हणून."

फाटकाशी मोतद्दाराचा हात दोरीवर थांबला होता. दुर्बीण वाट बघत होता, कशाची ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. कदाचित ती रडेल, कदाचित सुटल्यासारखा एक श्वास टाकेल. लहानपणी शाई सांडली, दौत फोडली तर ती आधी एक धपाटा घालायची आणि मग जवळ घ्यायची. त्याला तो धपाटा हवा होता.

"परत बघितलीस कधी?" तिनं विचारलं.

"पाचवा घोडा पुरला, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे मी खांबाला टेकले होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"हो."

तिनं बोटांवर मोजलं. मोजताना ओठ हलत होते. मग मान वर करून तिनं त्याच्याकडे बघितलं.

"घोडे माशीनं नेले, बाळ्या. तू चुकलास, मी चुकले, डॉक्टरबाई कमी भांडली. त्याचं मी काही म्हणत नाही. जनावरांच्या धंद्यात असं होतं. पण हे आठ महिने माशीनं नाही नेले. तू समोर बसून बिस्किटं खाल्लीस. मी विचारत होते, किती माश्या हाकलल्या असतील, आणि तू बिस्किटं खाल्लीस."

"ताई, मला..."

"आता नको बोलूस. बोलायचं होतं तेव्हा बोलला नाहीस."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

ती खुर्चीतून उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि त्याच्या बाजूनं, त्याला वळसा घालून, अंगण ओलांडून फाटकाकडे गेली. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती तिकडे चालली होती. हवालदारानं कान टवकारले. ती त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली, उजवा हात पदराखालून काढला आणि त्याच्या मानेकडे नेला.

हवालदार मागे सरला.

दोरी ताणली जाईपर्यंत सरला आणि मान वर करून, डोळ्याचं पांढरं दाखवत उभा राहिला, अनोळखी माणसासमोर राहतात तसा. ताईचा हात हवेतच राहिला. मोतद्दार पटकन पुढं झाला, "बाई, चावेल, त्याला सवय राहिली नाही—" म्हणता म्हणता गप्प झाला.

"गाडीवाल्याला सांग, येऊ नकोस म्हणून," ताई त्याला म्हणाली. हात तिनं खाली घेतला नाही. "आणि ते खोगीर सोड."

दुर्बीण पडवीतून उतरून चार पावलं तिच्याकडे गेला. घोडा आणखी बिचकला, तसा तो जागच्या जागी थांबला. ताईनं मागं वळून बघितलं नाही.

"तू जा आता. दोन माणसं बघून घाबरतोय तो."

"पुढच्या रविवारी येऊ?"

ती घोड्याकडेच बघत होती. हात लांब केलेला, तळवा उघडा. तिचं वय झालं होतं. हात असा फार वेळ धरवत नव्हता.

"ये की. भाऊ आहेस," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण याला ताप आला तर मी तुला बोलावणार नाही."

त्यानं मान हलवली, जरी तिला ते दिसणार नव्हतं. मग घोडा दचकू नये म्हणून त्यानं फाटकाची कडी अगदी सावकाश काढली आणि तो बाहेर पडला.